रेघ कुठे थांबते

३ फेब्रुवारी, सोमवार

दादा,

वर 'तीर्थरूप' लिहिलं होतं, मग खोडलं. तू हसला असतास आणि वहिनी चिडली असती. नुसतं दादाच बरं. चार वर्षांनी पत्र आलंय म्हणजे याला काहीतरी हवं असणार, असं तू म्हणशील. खरंय. मला एक दगड हवाय.

खाणीतून पळालेल्या माणसाने खाणीतलाच दगड मागायचा, म्हणजे कमालच. पण आधी ऐक.

मधल्या वर्षांत काय काय केलं ते सांगत बसलो तर दगड राहून जाईल. बसच्या टपावर सामान चढवलं. छापखान्यात कागद कापले. तीन महिने एका जादूगाराबरोबर गावोगाव फिरलो. कबुतर शर्टाच्या बाहीत कसं दडवायचं हे मला आता येतं, फक्त कबुतराचा स्वभाव शांत पाहिजे. आमचं नव्हतं. ते असो. गेले सात महिने मी दगडांचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत आहे. अभ्यास वरच्या मजल्यावर चालतो, मी तळमजल्यावर. दगडाचे काप काढायचं काम.

ठेवून कसं घेतलं ते सांगतो. काप-खोलीचे मुख्य म्हणजे मामा. सगळी संस्था त्यांना मामाच म्हणते. एक्केचाळीस वर्षं दगड घासून त्यांच्या बोटांवरच्या रेषा गेल्यात. त्यांनी विचारलं, "शिक्षण?"

म्हटलं, "अर्धी नववी."

"कुठली अर्धी?"

"पहिली."

"मग ठीक आहे. दुसऱ्या अर्ध्यात नको ते शिकवतात."

काम असं. दगडाची चकती करवतीने कापायची, काचेच्या पट्टीवर चिकटवायची आणि मग कुरुंदाच्या पुडीवर घासत राहायचं. आधी जाडी पूड, मग बारीक. केसाच्या निम्म्याहूनही पातळ होईपर्यंत. दगड इतका पातळ झाला की त्यातून उजेड आरपार जातो, दादा. आपण जन्मभर ज्याच्यावर घण घातले त्याच्यातून वर्तमानपत्र वाचता येतं! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी मामांना हाक मारली, तर म्हणाले, "हो, मीही ओरडलो होतो. आता घास."

हे काप वरच्या बाईंना लागतात. बाई सूक्ष्मदर्शकावर बसतात. इथून अर्ध्या दिवसाच्या अंतरावर एक गोल खोलगट जमीन आहे, परातीसारखी. बाईंचं म्हणणं, ती आभाळातून दगड पडून झाली. बाकीचे म्हणतात, जमीन आपली आपण खचली. बाई अकरा वर्षं तिथल्या गारगोटीच्या दाण्यांत पुरावा शोधतायत.

पुरावा म्हणजे रेघा. मला बाईंनी समजावलं ते असं. गारेच्या, म्हणजे गारगोटीच्या, दाण्यात आतली मांडणी असते, भिंतीत विटांचे थर असतात तशी. डोंगराने लाखो वर्षं दाबत ठेवलं तर दाणा हळूहळू वाकतो, कुरकुरतो, पण जुळवून घेतो. धक्का मात्र साध्या हवेच्या लाखपट दाबाचा आणि पापणी लवायच्या आत आला, तर वाकायला वेळच मिळत नाही. काही थरांपुरती मांडणी तिथल्या तिथे मोडते, त्यांची काच होते. त्या थरांच्या सरळ, बारीक, एकमेकींना समांतर रेघा दिसतात. अशी रेघ दुसऱ्या कशाने पडत नाही.

आता तुझा दगड. त्या परातीत पूर्वी रस्त्यासाठी सुरुंग लावले होते. म्हणून लोक बाईंना म्हणतात, उद्या रेघ सापडली तरी ती तुमच्या आभाळाची कशावरून, सुरुंगाची असेल. बाईंना दाखवायचंय की सुरुंगात तेवढा दम नसतो. त्यासाठी सुरुंगाच्या भोकालगतचा, गारेचे दाणे असलेला दगड हवा. मी म्हणालो, एक खाण माझ्या ओळखीची आहे.

त्या दिवसाबद्दल बोलायला मी लिहीत नाहीये. वारा उलटा होता, झालं ते झालं. बाबांना नमस्कार सांग. वहिनी अजून चहात साखर विसरते का?

तुझे कान कसे आहेत?


२४ फेब्रुवारी, सोमवार

दादा,

पार्सल मिळालं. एवढं मोठं! टपालवाला म्हणाला, "यात दगड आहे का?" म्हटलं, हो. त्याला वाटलं मी उद्धटपणा करतोय.

आत तुझी चिठ्ठी, दोन ओळींची. 'भोकाची पन्हळ एका बाजूला आहे बघ. पायावर आलेला हाच. फाटक अडवायला ठेवला होता, आता वीट लावलीय.'

दादा, ती चिठ्ठी मी खिशात ठेवली, मग काढली, मग जेवणाच्या डब्याखाली ठेवली. ज्या दगडाने तुझा पाय मोडला तो तू चार वर्षं फाटकाला लावून ठेवलास, आणि मी मागितला तर गोणपाटात शिवून पाठवलास. वर गाठ बाबांची होती. सुरुंगाच्या तारेला मारतात ती. मला सोडवेना, मामांनी कापली.

वहिनीने मागच्या बाजूला लिहिलंय ते तू वाचलंस का माहीत नाही. ती लिहिते, 'हल्ली मी अगदी शेजारून बोलले तरी हे उजवा कान पुढे करतात. डॉक्टर दोनदा म्हणाले, कान ठणठणीत आहेत. यांना पटत नाही. म्हणतात, शिट्टी ऐकू आली नव्हती ना, मग कसले ठणठणीत.'

मामांनी विचारलं, कुणाचा दगड? मी थोडक्यात सांगितलं. बाबा सुरुंग लावायचे, भाऊ त्यांच्या हाताखाली परवान्याच्या परीक्षेला बसणार होता, मी टेकाडावर शिट्टी आणि लाल निशाण घेऊन. एकदा सुरुंग उडाला तेव्हा भाऊ विसरलेली पहार आणायला आत गेला होता. वारा उलटा असल्यामुळे त्याला शिट्टी ऐकू गेली नाही. पाय गेला नाही, पण वाकडा झाला. मालक म्हणाला, ज्याला शिट्टी ऐकू येत नाही त्याच्या हातात सुरुंग द्यायचा नाही. त्याला फाटकावर बसवला. बाबांनी आपणहून काम सोडलं.

मामा म्हणाले, "आणि तू?"

"मी महिन्याभराने निघालो."

"का?"

मी करवत सुरू केली. करवत सुरू असली की बोलता येत नाही, ही या खोलीतली मोठी सोय आहे.

तुझ्या दगडाचे तीन काप काढले. जपून. मामांची शिस्त अशी की जाड्या पुडीवरून बारीक पुडीवर जाताना कोपरापर्यंत हात धुवायचे, काप धुवायचा, घासायची काचही बदलायची. जाड पुडीचा एक कण बारीक पुडीत गेला तरी सगळं वाटोळं. आणि घासताना हात मागेपुढे करायचा नाही, आठाचा आकडा काढत फिरवायचा. मी मन लावून आठ काढले.

बाईंनी मला शेजारी बसवून दाखवलं. दोन काळ्या काचांच्या मधे काप ठेवून फिरवला की गारेचे दाणे राखाडी होतात, पांढरे होतात, मग एकदम काळे. तुझ्या दगडात भेगा भरपूर आहेत. वेड्यावाकड्या, फांद्या फुटलेल्या, भोकापासून निघालेल्या. पण दाण्यांच्या आत एकही रेघ नाही. मांडणी जिथल्या तिथे. बाई खूश झाल्या. "बघ, सुरुंग म्हणजे गारेला टपली," म्हणाल्या.

मी बराच वेळ बघत होतो. तुझा पाय मोडला, बाबांचं काम सुटलं, घर पांगलं, आणि दाण्याला पत्ताच नाही. राग आला मला, दाण्याचा. माणसाने दगडावर रागवायचं म्हणजे काय, पण आला.

मग बाईंनी दुसऱ्या देशातल्या, खरोखर आभाळातून पडून झालेल्या खड्ड्यातला एक काप दाखवला, जपून ठेवलेला. त्यातल्या रेघा! जणू कुणी फूटपट्टी धरून आखल्यात. एका दाण्यात एका दिशेला, शेजारच्या दाण्यात वेगळ्याच. बाई म्हणाल्या, "प्रत्येक दाणा आपल्या मांडणीप्रमाणे मोडतो. म्हणून खरी रेघ आपल्या दाण्याची हद्द कधी ओलांडत नाही. हद्द आली की थांबते." तो खड्डा कोट्यवधी वर्षांपूर्वीचा. रेघांमधली काच केव्हाच पुन्हा जुळून आलीय, पण जाता जाता बारीक बुडबुडे मागे राहिलेत. त्या ठिपक्यांच्या ओळीवरून कळतं, इथे एकदा मोडलं होतं.

वहिनीला सांग, डबा मिळतो, जेवतो. कानांबद्दल मी नंतर लिहीन.


६ मार्च, गुरुवार

दादा,

कानांबद्दल लिहिणार होतो, पण इथे भलतंच झालंय.

परातीतले चौदा नवे काप माझ्याकडे होते. बारा झाले. तेराव्याच्या वेळी समोरच्या दुकानावर रंगारी पाटी रंगवत होता. दातांच्या डॉक्टरची. त्याने माणसाएवढी दाढ काढली, मुळांसकट, आणि मग तिला डोळे काढायला लागला. डॉक्टर खाली येऊन ओरडले, "अरे, दाढेला डोळे कशाला?" रंगारी वरून म्हणतो, "हसू काढायचंय, मग डोळे नकोत?" मी खिडकीशी उभा राहून घासत होतो. किती वेळ ते माहीत नाही. चौदावा तसाच घासला. मग दोन्ही काप ट्रेमध्ये ठेवले. वरची झाकणकाच उद्या बसवू म्हटलं.

बाईंनी वाट बघितली नाही. आज सकाळी तसेच उचलून नेले. अकराच्या सुमारास जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज. एका चपलेचा, खरं तर. दुसरी वरच राहिली होती.

"मामा, वर या. सगळे वर या. चौदा नंबर!"

सगळी संस्था त्या एका डोळ्याच्या भोकापाशी. शिपाईसुद्धा. बाई हसत होत्या, मधेच चष्मा पुसत होत्या. "अकरा वर्षं," एवढंच म्हणायच्या आणि पुन्हा पुसायच्या. मामांचा नंबर लागला. मामांनी पाहिलं, मला जागा दिली.

रेघा होत्या. समांतर, बारीक, दोन दिशांना. फक्त त्या एका दाण्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, हद्दी तुडवत सरळ गेल्या होत्या. वाटेत कुणाला विचारलंही नव्हतं.

बाईंना ते दिसलं कसं नाही, असं तुला वाटेल. जे अकरा वर्षं बघायचं होतं ते दिसल्यावर माणूस तपासत बसत नाही. थोडं भिंग वरखाली केलं असतं तरी कळलं असतं. रेघा वरवर होत्या, दाण्याच्या पोटात काही नव्हतं. बाईंनी लगेच फोन केला. सोमवारी तो काप मोठ्या संस्थेत जायचाय, सोबत बाईंच्या सहीचं निवेदन.

खाली आल्यावर मामांनी दार लावलं.

"बाही उलगड."

मी शर्टाची दुमडलेली बाही उलगडली. टेबलावर जाडी पूड सांडली, चिमूटभर. हात धुतले होते मी कोपरापर्यंत, पण बाहीची दुमड कोण धुतो? कबुतर लपवायची जागा. आणि आठ काढायचे सोडून मी दाढ बघत हात मागेपुढे केला होता, मधे काप एकदा फिरवला होता. म्हणून दोन दिशा.

"मामा, त्या किती खूश आहेत."

"म्हणून तर."

"तुम्ही सांगा ना."

"घासलं कुणी?"

"मी."

"मग तोंड कुणाचं उघडायला हवं?"

मी म्हटलं, काप हातून चुकून फुटला म्हणून सांगू. मामा म्हणाले, "सांग. मग बाई मरेपर्यंत म्हणत राहतील, मला दिसलं होतं, मला दिसलं होतं. आणि कुणी विश्वास ठेवणार नाही. शेवटी त्यांना स्वतःच्या डोळ्यांचीच शंका येईल."

दादा, हे वाक्य ऐकून मी खाली बसलो. मामांना वाटलं मला बाईंचं वाईट वाटतंय.


९ मार्च, रविवार

पिशवी भरलीय. बस दीड वाजता आहे. पिशवीच्या तळाशी शिट्टी सापडली. हरवली नव्हतीच, मला माहीत होतं ती तिथे आहे.


१२ मार्च, बुधवार

दादा,

रविवारचा कागदही यातच घालतोय. बस गेली, मी गेलो नाही. यात शौर्य काही नाही. स्टँडवर बसलो होतो, बस लागली, लोक चढले, कंडक्टर म्हणाला, "यायचं का नाही?" मी पिशवी मांडीवर घेतली.

सोमवारी साडेनऊला वर गेलो. बाई लाखेने डबी बंद करायला बसल्या होत्या.

"बाई, त्या रेघा माझ्या आहेत."

त्यांना कळलंच नाही. म्हणाल्या, "हो रे बाबा, काप तुझाच, तुझंही नाव घालू."

मग मी सगळं सांगितलं. पूड, बाही, दाढ, दाढेचे डोळेसुद्धा. त्यांनी डबी उघडली, काप ठेवला, भिंग फिरवलं. वर, खाली. फार वेळ नाही लागला. मला वाटलं ओरडतील, निदान रडतील. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "गुरुवारी बघितलास तेव्हाच कळलं होतं?"

"हो."

"मग चार दिवस?"

त्याच पुढे म्हणाल्या, "ओरखड्याचं काही नाही, ओरखडे सगळ्यांकडून पडतात. चार दिवस मी गावभर सांगत फिरले त्याचं काय?" मग फोन उचलला आणि मोठ्या संस्थेला म्हणाल्या, "नाही, नाहीये. घासताना पडलेले ओरखडे. माझ्या लक्षात यायला हवं होतं." माझं नाव घेतलं नाही. फोन ठेवून म्हणाल्या, "चौदाच्या चौदा पुन्हा. अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून ये."

आज अकरा झाले. रेघ एकातही नाही. बाई अजून माझ्याशी कामापुरतंच बोलतात. तेही बरोबर आहे.

बाईंच्या हिशेबाने माझे चार दिवस. तुझ्या हिशेबाने चार वर्षं.

आता लिहितो. मधे दुसरं काही आलं तर खोडीन.

त्या दिवशी माझं काम काय होतं, तुला पाठ आहे. आधी तीन लांब शिट्ट्या. मग शंभर मोजायचे. मग खाणीच्या खोलगटात कुणी नाही हे बघून लाल निशाण वर. बाबा कॉम्प्रेसरशेजारी असायचे, त्या आवाजात त्यांना शिट्टी कधीच ऐकू यायची नाही. ते फक्त निशाण बघायचे आणि सुरुंग उडवायचे. बाकीचे पत्र्याच्या शेडमध्ये जेवत होते. म्हणजे शिट्टी त्या दिवशी एकट्या तुझ्यासाठी होती.

टेकाडावर एक मुंगूस होतं. तोंडात पिल्लू धरून एका कपारीतून दुसऱ्या कपारीत नेत होतं, एकेक करून. मी मोजत बसलो. चौथं नेताना बाबांनी खालून हात हलवला, एकदा, दोनदा, मग चिडून. मी दचकलो आणि निशाण वर केलं. शिट्टी तोंडात होती. फुंकणार होतो, दादा. फुंकणारच होतो. तेवढ्यात जमीन हलली.

शिट्टी वाजलीच नाही.

तुला शेडमध्ये आणलं तेव्हा बाबांनी मला विचारलं, "वाजवलीस?" मी मान डोलावली. तेवढंच. वारा उलटा होता, हे मी म्हणालो नव्हतो, शेडमधलं कुणीतरी म्हणालं. मी फक्त ते घेतलं. आणि तू, पायाची ती अवस्था असताना, म्हणालास, "असेल, माझंच लक्ष नसेल. मला हल्ली कमीच येतं ऐकू." तू मला सांभाळून घेत होतास की खरंच तसं वाटलं होतं, हे मी आजवर विचारलं नाही. नंतर तू तेच म्हणत राहिलास. मालकाने लिहून घेतलं. परीक्षा गेली. मग तू कान पुढे करायला लागलास, आणि मी ते महिनाभर बघितलं, आणि निघालो. लोकांना वाटलं मला फिरायची हौस. मीही तेच सांगायचो. जी रेघ माझ्या हद्दीत थांबायला हवी होती ती मी तुझ्या हद्दीत जाऊ दिली. तुझ्या, बाबांच्या, वहिनीच्या.

माफी मागायची तर पत्रात मागू नये असं मला वाटतं. आणि मालकाला, बाबांना काय सांगायचं ते मी येऊन माझ्या तोंडाने सांगेन. चौदा काप पूर्ण झाले की निघतो, त्याआधी निघालो तर पुन्हा पळालो असं होईल. शनिवारी पोचेन. फाटक उघडायचं की नाही ते तू ठरव, वीट तुझी आहे.

सोबत दोन वस्तू आहेत. एक म्हणजे तुझ्या दगडाचा काप, खिडकीला धरून बघ, आरपार दिसतं. दुसरी शिट्टी.

बाई म्हणतात, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नये, तपासून बघावं. म्हणून एवढं कर. कॉम्प्रेसर बंद असेल तेव्हा तू खोलगटात जा, जिथे पहार विसरला होतास तिथे. वहिनीला टेकाडावर पाठव. बाबा सोबत असले तर उत्तम. वारा उलटा असेल असाच दिवस बघा, नाहीतर तूच म्हणशील की वाऱ्याने मदत केली. आणि वहिनीला आधी सांगून ठेव की तिने कधी वाजवायचं ते तुला कळू द्यायचं नाही. तू तिच्याकडे पाठ करून उभा राहा. कान पुढे करू नकोस, नुसता उभा राहा.

तुला ऐकू येईल, दादा. लांबून, पण स्पष्ट.

ते झालं की मग माझ्यावर चीड.